घंगाळात मावेल तेवढेच

आमच्या घरी दिवाळीची साफसफाई यंदा पोळ्यालाच सुरू झाली. हौसेने नव्हे, भीतीने. पण ती हकिगत सांगण्याआधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे मन मोकळे होईल. या पानावरून मी तुम्हांला फडताळ कसे लावावे, पाहुण्यांची अंथरुणे कुठे ठेवावीत, डबे कसे ओळीने मांडावेत, असे पुष्कळ काही सांगत आले आहे. तुमच्यापैकी कित्येकींनी त्यावर कौतुकाची पत्रेही पाठवली. आणि हे सारे लिहीत असताना माझ्या स्वतःच्या जिन्याखाली काय साठले आहे, याचा मला पत्ता नव्हता!

आमचे घर भंडाऱ्याचे. वैनगंगेच्या काठचे हे गाव पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. गावाबाहेर पडावे तो चहूकडे धानाची शेते नि तलाव. घर जुने आहे. पुढे सपरी, म्हणजे तुमची पुण्या-मुंबईची ओसरी, मग बैठक, माजघर, स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि मागे परस. माणसे सहा. आम्ही दोघे, मुलगा, सून, पाच वर्षांचा नातू आणि दोन वर्षांची नात. एवढ्या घरात सहा माणसांनी सुखाने राहावे. पण राहत होती ती नुसती सहा माणसे नव्हेत. त्यांच्यासोबत एक लोकरीचा हत्ती, दोन रेल्वेगाड्या, एक रुळाविना आणि एक डब्याविना, तीन बाहुल्या, अकरा मोटारी, शंभर-दीडशे ठोकळे आणि कशाचे आहेत ते देवालाही सांगता येणार नाही असे प्लॅस्टिकचे असंख्य तुकडे राहत होते. सकाळी देवापुढे दिवा लावायला जावे तो पायाखाली ठोकळा! तो तळपायात रुतला की देवाच्या नावाऐवजी भलतेच शब्द तोंडी येतात.

हे सारे येते कुठून? मी एकदा बसून हिशेब केला. वाढदिवसाला पंधरा मुले बोलवायची; त्यांनी पंधरा खेळणी आणायची; जाताना आपण त्यांना पंधरा वस्तू परत द्यायच्या, त्याला 'रिटर्न गिफ्ट' म्हणायचे. मग ती पंधरा मुले आपापल्या वाढदिवसाला आपल्या मुलांना बोलावणार आणि तीच वस्तू, कधी कधी अक्षरशः तीच, आपल्या घरी परत येणार. शिवाय मामा येतो, मावशी येते. मोबाईलवर बोट ठेवले की पार्सल दारात हजर. तान्ह्या पोळ्याला बोजारा म्हणून आता पैशाबरोबर खेळणीही मिळू लागली आहेत. आणि भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, तिथून पिपाण्या, भिंगऱ्या आणि फुगे येतात ते वेगळेच.

साहजिकच माझी तक्रार मुलांच्या पसाऱ्याबद्दल होती. मी ती दिवसातून चारदा बोलून दाखवीत असे. आमच्या लहानपणी चिंचोके, सागरगोटे आणि एक लाकडी भातुकली यांवर पाच भावंडांचे बालपण निघाले, हे वाक्य तर घरातल्या प्रत्येकाला पाठ झाले होते. खरे सांगायचे तर त्या वेळी वडिलांजवळ पैसे नव्हते एवढेच. पण माणसाचे वय झाले की जुन्या ओढगस्तीला तो 'संस्कार' म्हणू लागतो.

सूनबाई शाळेत शिकवते. साडेनऊला जाते, साडेपाचला येते. एकदा ती आली, चपला काढल्या, बैठकीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, घरात पाऊल टाकलं की मला माणसं दिसतच नाहीत. नुसती कामं दिसतात." मला तेव्हा ते वाक्य थोडे नाटकी वाटले. नंतर वाचनात आले की अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मंडळींनी लॉस एंजेलिसमधील बत्तीस मध्यमवर्गीय कुटुंबांची घरे अशी पाहिली, जसे आपल्याकडे पवनीला जुन्या स्तूपाचे उत्खनन करणाऱ्यांनी वीट न् वीट मोजली असेल तशी. २००१ ते २००५ या काळात हे काम चालले आणि २०१२ साली त्याचा ग्रंथ निघाला. जगातल्या मुलांपैकी शेकडा तीन मुले अमेरिकेत. पण जगातल्या खेळण्यांपैकी शेकडा चाळीस तिथे विकत घेतली जातात, असे त्यात नमूद आहे. त्याच कुटुंबांच्या अभ्यासातून २०१० साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या बायकांनी आपल्या घराचे वर्णन पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे अशा शब्दांत केले, त्यांच्या अंगातले ताणाचे द्रव्य संध्याकाळपर्यंत जसे उतरायला हवे तसे उतरत नव्हते. नवऱ्यांच्या बाबतीत तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. (हे मी आमच्याकडे वाचून दाखवले, तर हे म्हणाले, "पुरुषांचं मन मोठं असतं!" मी पुढे वाचले नाही.)

असो. आता पोळ्याकडे येते.

बैलपोळा श्रावणी अमावास्येचा. दुसऱ्या दिवशी आमच्या पूर्व विदर्भात दोन गोष्टी असतात. सकाळी मारबत निघते. घरातली रोगराई, इडापिडा, साप-विंचू, सारे तिने आपल्याबरोबर घेऊन जावे, असे ओरडून सांगत लोक तिला गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. संध्याकाळी तान्हा पोळा. मोठ्यांचे खरे बैल कालच मिरवले. आज मुलांनी चाकांचे लाकडी बैल सजवून न्यायचे. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली, असे सांगतात. ज्या घरात मूल आहे त्या घरात लाकडी बैल असायचाच.

आमच्या नातवाचा बैल गेल्या वर्षी मीच जपून ठेवला होता. 'जपून' म्हणजे कुठे, तर जिन्याखाली. तिथे माझे राज्य. पडदा लावलेला असे, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नसे. दुपारी चारच्या सुमाराला नातवाने बैलाचा धोशा लावला. मी म्हटले, थांब, हातातले काम होऊ दे. पाच वर्षांचे मूल कसले थांबते? तो पडद्याखालून आत शिरला. त्याच्या मागोमाग धाकटी रांगत. सुट्टी असल्यामुळे सूनबाई घरी होती, हे आमचे नशीब. ती पडदा सारून मुलांना बाहेर बोलावायला गेली आणि एकाएकी तिने दोघांनाही दंडाला धरून असे काही मागे ओढले की धाकटीने टाहो फोडला. मी धावत गेले.

बारदानाच्या चळतीतले वरचे पोते नातवाने ओढले होते. खालच्या पोत्यावर वेटोळे होते. काळेभोर, चकचकीत, अंगावर जोडीजोडीने बारीक पांढऱ्या रेघा.

सर्पमित्राला फोन केला. अर्ध्या तासात तो मुलगा आला, बरणीत शिताफीने ते जनावर घेतले आणि म्हणाला, "मण्यार आहे, काकू." मण्यार दिवसा अशी अंधारात सुस्त पडून राहते, रात्री हिंडते. तिचे दात बारीक, चावा दुखत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला कित्येकदा पत्ताही लागत नाही, आणि मग पहाटे पापण्या जड होतात, घास गिळवत नाही, श्वास अडतो. तसा संशय जरी आला तरी मंत्र-तंत्र, चिरा घेणे, आवळून बांधणे यांत वेळ न दवडता तडक इस्पितळ गाठायचे, तिथे लस असते. हे सगळे तो अगदी शांतपणे सांगत होता. मग पडद्यामागे डोकावून म्हणाला, "पावसात बिळांत पाणी भरतं, म्हणून ही घरात येते. उंदीर-पाली असल्या की राहते. एवढा बारदाना कशाला ठेवला, काकू?"

बारदाना माझा होता. गावाकडून धान येत असे तेव्हाची ती पोती. धान यायचे बंद होऊन नऊ वर्षे झाली. 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवली होती.

सूनबाई एक शब्द बोलली नाही. तिने मुलांना आंघोळ घातली, बैलाला नवा गोंडा बांधला, दोघांना तान्ह्या पोळ्याला नेऊन आणले आणि रात्री मुलांची अंथरुणे वरच्या खोलीत खाटेवर घातली. एरवी ती दोघे खाली माझ्याजवळ, जमिनीवर गादी टाकून झोपतात. त्या रात्री ती मला चार शब्द बोलली असती, तर मी तिला दहा ऐकवले असते आणि प्रकरण तिथेच मिटले असते. ती बोलली नाही म्हणून मला झोप आली नाही. सकाळी मारबतीला मी स्वतःच दारातून हात जोडले होते. साप-विंचू घेऊन जा म्हणून!

दुसऱ्या दिवशी पहाटे, हातात काठी आणि दिवा घेऊन, आम्ही दोघे म्हातारे जिन्याखाली शिरलो. यादी सांगते, हसू नका. बारदाने चौदा. पितळी गुंड तीन. कोपर दोन. घंगाळ एक. निरनिराळ्या आकारांचे गंज सात, त्यांतल्या पाचांची कल्हई गेलेली. वातीचा एक स्टोव्ह. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या चार, दोनांना झाकणे नाहीत. झाकणे तीन, त्यांना बरण्या नाहीत. उंदरांनी कुरतडलेली एक रजई, तिच्यात त्यांचे बिऱ्हाड. पाळणा. काचेच्या रिकाम्या बाटल्या सव्वीस. आणि यांचे: दूरदर्शन संचाचे खोके, पंख्याचे खोके, मिक्सरचे खोके. 'दुरुस्तीला पाठवायचा झाला तर' म्हणून ठेवलेले. त्यांतला मिक्सर कधीच गेला, खोके होते.

मुलांची वस्तू त्या साऱ्यात एकच. तो लाकडी बैल.

मैत्रिणींनो, लहान मुलांच्या घरातला पसारा म्हटले की आपली नजर जमिनीवर जाते. तिथली खेळणी पायाला टोचतात, म्हणून दिसतात. माळ्यावरचा, खाटेखालचा, जिन्याखालचा पसारा टोचत नाही. तो मोठ्यांचा असतो आणि त्याला आपण 'सामान' म्हणतो. मुलांच्या जिवाला धोका मात्र बहुतेक करून या दुसऱ्या पसाऱ्यातूनच असतो. आमच्याकडे परसात उन्हाळा संपल्यावर कूलर तसाच उभा राहतो. विदर्भात कुणाच्या घरी तो नसतो? त्याच्या तळाशी चार बोटे पाणी राहिले की आठ-दहा दिवसांत डासांची पिढी तयार, आणि डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यावर वाढतो. तेव्हा कूलर पुसून, उलटा करून, झाकून ठेवायचा. फुटक्या कुंड्या, टायर, करवंट्या आठवड्यातून एकदा कोरड्या करायच्या. हे मी तुम्हांला मागेही सांगितले होते. स्वतःचा कूलर मात्र त्याच दिवशी पाहिला!

बारदाना, रजई आणि बाटल्या त्याच दिवशी गेल्या. पाळण्याजवळ मी थोडी घुटमळले. "ठेवू या का?" असे अगदी सहज विचारले, पण सूनबाईने इतक्या जोरात मान हलवली की मला हसू आले, आणि दोन दिवसांत प्रथमच तिलाही आले. पाळणा शेजारच्या गल्लीत एका लेकुरवाळीकडे गेला.

माझा पसारा निघाला तेव्हा मुलांच्या पसाऱ्याविषयी बोलायचा मला अधिकार आला. तोही सुरळीत पार पडला, असे मात्र समजू नका.

प्रथम सूनबाईने सहा डबे आणले आणि त्यांवर चित्रे चिकटवली: मोटारी इथे, ठोकळे इथे, बाहुल्या इथे. रविवारी दुपारी सगळे लावून झाले, फोटोसुद्धा काढला. सोमवारी सकाळी धाकटीने सहाही डबे एकामागून एक पालथे केले आणि रिकाम्या डब्यात जाऊन बसली. दोन वर्षांच्या मुलाला खेळण्यापेक्षा डबा पालथा करणे हाच मोठा खेळ आहे, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

मग मी एक पाप केले. मुले झोपल्यावर मोडकी खेळणी गोणीत भरून देऊन टाकली. त्यांत चाके नसलेली एक लाल बस होती. नातू तिच्याशी दोन महिन्यांत खेळला नव्हता. पण सकाळी उठून त्याने तीच मागितली! मी 'हरवली' म्हटले. तीन दिवस तो ती बस शोधत होता. खाटेखाली, तांदळाच्या कोठीमागे, माझ्या उशीखाली. चौथ्या दिवशी त्याने आपली उरलेली सारी खेळणी अंथरुणात घेतली आणि त्यांच्यावर हात टाकून झोपला. मुलाच्या पाठीमागे त्याची वस्तू काढली की ते उरलेल्या वस्तू अधिक घट्ट धरते. मी त्याला खरे काय ते सांगितले. तो रडला नाही, नुसता म्हणाला, "आजी, विचारायचं ना."

बस आठवली की अजून मला वाईट वाटते.

खेळणी निवडताना एक गोष्ट आढळली, ती घाईने का होईना सांगितलीच पाहिजे. बोलणाऱ्या बाहुल्या, दिव्याच्या मोटारी यांत शर्टाच्या बटणासारखे चपटे सेल असतात. आमच्याकडे तसले तीन सेल सुटे सापडले, एक तर धाकटीच्या हाताला येईल असा. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळायला लागतो. 'पोटातून निघून जाईल' म्हणत वाट पाहायची नसते. मूल उचलायचे आणि इस्पितळात न्यायचे. ज्या खेळण्याच्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते घरात नको. अशी चार खेळणी आम्ही नातवाला विचारूनच काढली. या वेळी त्याने लगेच होकार दिला.

पुढची युक्ती सूनबाईच्या शिक्षणातून निघाली. तिच्या कपाटात ताराबाई मोडकांविषयीचे एक पुस्तक आहे. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. ज्या माँटेसोरीबाईंच्या पद्धतीवरून हे सारे आले, त्यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले तेव्हापासून एक गोष्ट धरून ठेवली होती. कपाट मुलाच्या उंचीचे हवे, प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा हवी, आणि मुलाने एक वस्तू घ्यावी, काम झाले की तिच्या जागी ठेवावी, मग दुसरी घ्यावी. ताराबाईंनी महागडी साधने बाजूला सारली आणि शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांवर तेच काम चालवले. सूनबाई म्हणाली, "आई, आपल्याकडे मुलांच्या उंचीचं एकही फडताळ नाही. सगळं आपल्या उंचीचं. ती ठेवणार कुठं? जमिनीवरच."

अहो, इतकी साधी गोष्ट! पन्नास वर्षे संसार केला, दोन मुले वाढवली, पण गुडघ्यावर बसून घराकडे पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट संख्येची. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या छत्तीस मुलांना एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा. २०१८ साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला. सोळा खेळणी असताना मुले यावरून त्यावर उड्या मारत राहिली. चार असताना एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. मग आमच्या दीडशे ठोकळे, अकरा मोटारी आणि तीन बाहुल्यांचा उपयोग काय? पण चारच खेळणी बाहेर ठेवायची, हे नातवाला कसे पटवावे? तो मोजायला शिकला आहे, 'चार का? पाच का नाही?' यावर त्याने मला अर्धा तास दमवले.

तोडगा माझ्या पितळेत निघाला. जिन्याखालची भांडी बाहेर काढून चिंचेने घासायला परसात मांडली होती. धाकटी त्यांतल्या घंगाळात जाऊन बसली. नातवाने तिच्याभोवती आपली खेळणी रचली आणि म्हणाला, "आता जागा नाही. संपली!" मी सूनबाईकडे पाहिले, सूनबाईने माझ्याकडे. चार की पाच हा प्रश्नच मिटला. घंगाळात मावेल तेवढेच बाहेर. न मावेल ते दोन गोण्यांत भरून यांच्या कपाटावर. महिन्याच्या एक तारखेला घंगाळ रिकामे करायचे आणि गोणीतले आणायचे. जुनेच खेळणे महिनाभराने भेटले की मुलांना नवे वाटते. परवा तो लोकरीचा हत्ती खाली आला तेव्हा धाकटी त्याला पाहून लाजली!

बाकी पितळेचे काय? हा प्रश्न मला बारदानासारखा सोपा गेला नाही. त्या गुंडांपैकी एकावर माझ्या आईचे नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरले आहे; तिच्या लग्नात मामाने दिलेला. एक माझ्या लग्नातला. आमच्या गावातली भांडी तेव्हा बैलगाडीने आणि आगगाडीने लांबलांब जात. पुढे स्टील आले, हलके, बिनकल्हईचे. आणि पितळ प्रथम मांडणीवर, मग माळ्यावर, मग जिन्याखाली गेले. सूनबाईला त्यातले काही नको होते, आणि ती तसे म्हणतही नव्हती. मीच म्हटले, "तुला खरंच हवं ते सांग. माझ्या मनासाठी नको." ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "आजींच्या नावाचा गुंड. त्यात पाणी भरू या रोज. बाकीचं, आई, मला घासणं नाही होत."

मग माझ्या लेकीला एक कोपर, पुतणीला एक गुंड, आणि उरलेले पितळ मोडीत. कासाराच्या दुकानात तराजूवर ते भांडे ठेवताना मी रस्त्याकडे पाहत होते. त्यांनी आपणहून तो लग्नातला गुंड हळूच बाजूला काढला आणि पिशवीत घातला. मला घरी आल्यावर कळले! तेव्हा एकूण दोन गुंड राहिले आहेत. दुसऱ्याचे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही.

आलेल्या पैशांतून सुताराकडून गुडघ्याएवढे दोन खणांचे फडताळ करून घेतले. एक खण थोरल्याचा, एक धाकटीचा. चित्रांच्या कागदांना वरचा एकच कप्पा. तो भरला की थोरला स्वतःच बसून ठेवायचे कुठले ते निवडतो. दिवेलागणीच्या आधी दहा मिनिटे सगळ्यांनी आपापली वस्तू उचलायची. 'सगळ्यांनी' हे महत्त्वाचे. यांची वर्तमानपत्रेही त्यांत, माझा चष्मा आणि पोथीही त्यांत. पहिले चार दिवस थोरला आम्हां म्हाताऱ्यांवर देखरेख करीत हिंडत होता. पाचव्या दिवसापासून कंटाळा आला. कधी होते, कधी राहते. मुले आजारी असली, परीक्षेचे पेपर तपासायला आले, पाहुणे आले, की घर पुन्हा होते तसे होते. घर आवरण्याच्या विद्येसाठी जगभर गाजलेल्या जपानच्या मारी कोंडोबाईंनीही तिसरे मूल झाल्यावर नीटनेटकेपणाचा हट्ट आपण बराचसा सोडून दिला, असे २०२३ च्या जानेवारीत सांगितले. ते वाचून सूनबाई म्हणाली, "चला, सुटले!"

वाढदिवसाचा बंदोबस्त मात्र अजून जमला नाही. 'भेटवस्तू आणू नये' असे लिहिले तर लोक रागावतात. 'पुस्तक आणा' म्हटले तर एकच पुस्तक पाच जण आणतात. तुमच्यापैकी कुणाला उपाय सापडला असेल तर मला जरूर कळवा.

मुले अजून वरच्या खोलीतच झोपतात. मात्र गेल्या आठवड्यात एका रात्री धाकटीला घेऊन सूनबाई खाली आली. "हिला तुमच्याजवळच झोपायचंय," म्हणाली. मग कंदील लावल्यासारखा मोबाईलचा दिवा लावून तिने खाटेखाली, गादीखाली आणि रिकाम्या जिन्याखाली पाहिले, आणि धाकटीला माझ्या कुशीत दिले. मी गादी आता खाटेवर घेतली आहे.

लक्ष्मीपूजनासाठी नवी केरसुणी आणून ठेवली आहे. थोरल्याचे लक्ष मात्र मंडईकडे लागले आहे. तिथून त्याला एक मोठी पिपाणी आणायची आहे. पण घंगाळ भरलेले. एक आत तर एक बाहेर, हा कायदा त्याला ठाऊक आहे. काल बराच वेळ तो घंगाळाशेजारी बसून विचार करीत होता. शेवटी उठून माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, "आजी, पिपाणी आणली की आजोबांचं टीव्हीचं खोकं बाहेर काढलं तर चालेल का?"

मी म्हटले, "आजोबांना विचारायचं ना."